प्रीएक्लॅम्पसिया आणि मेंदूतील रक्तप्रवाह

गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त राहणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांपैकी एखाद्या अवयवाला झळ पोहोचणे, या विकाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. बोलण्यात त्याचे नुसते ‘बीपी वाढले’ होते. बाईच्या जिवाला मोठा धोका मात्र मेंदूत असतो.

निरोगी मेंदूतल्या लहान धमन्या दाब वाढला की आकसतात, उतरला की रुंदावतात. सरासरी रक्तदाब साधारण ६० ते १५० मिमी पारा असेपर्यंत त्यामुळे प्रवाह जवळपास स्थिर राहतो. या स्वनियमनाला प्रीएक्लॅम्पसियात ढिलाई येते. वारेतून (प्लॅसेंटातून) रक्तात उतरणारे पदार्थ रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात, वाढलेला दाब थेट केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो आणि द्रव पाझरून मेंदूला सूज येते. म्हणूनच रक्तदाबाचा आकडा फार मोठा नसतानाही काहींना आकडीचे झटके येतात. मेंदूच्या मागच्या भागातील धमन्यांना दाब वाढल्यावर त्या आवळून धरणाऱ्या अनुकंपी चेतातंतूंचे संरक्षण कमी असल्याने सूज बहुधा तिथे दिसते, आणि दृष्टीचे केंद्रही तिथेच आहे. ‘डोळ्यांपुढे काजवे चमकतात’ ही गरोदर बाईची तक्रार त्यामुळे अशक्तपणावर ढकलू नये.

धमन्या आवळून मेंदूला रक्त कमी पडते, असे पूर्वी मानत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मेंदूच्या धमन्या रुंदावणाऱ्या निमोडिपिन या औषधावर, झटके टाळण्यासाठी देतात त्या मॅग्नेशियम सल्फेटपेक्षा जास्त स्त्रियांना झटके आले; त्यामुळे मेंदूत रक्त कमी नव्हे तर जास्त जाते, या अतिप्रवाहाच्या विचाराला बळ मिळाले. मॅग्नेशियमने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ च्या मॅगपाय चाचणीत सुमारे १०,००० स्त्रियांमध्ये दिसले होते. कानशिलावरून ध्वनिलहरींनी केलेल्या डॉपलर तपासणीत मेंदूतील रक्ताचा वेग कळतो, पण रोगनिदान त्यावर अडत नाही.

मुंबईत याला माहेरपणाचा पदर आहे. वाडिया किंवा सायन रुग्णालयात नाव घातलेली बाई सातव्या महिन्यानंतर बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर जाते, नेमकी हा विकार वर येण्याच्या दिवसांत. रक्तदाबाच्या नोंदी असलेला केसपेपर तिच्या पिशवीत हवाच. झटके बाळंतपणानंतरही येतात, बहुतेक पहिल्या ४८ तासांत, क्वचित काही आठवड्यांनी. बाळंतिणीची डोकेदुखी घरात जागरणाच्या नावावर खपून जाते. त्या वेळी तिचा रक्तदाब त्याच दिवशी मोजून घ्यावा.