करवंद

करवंद (शास्त्रीय नाव : कॅरिसा करंडस, कुल : अपोसायनेसी). कोकण किनारपट्टी आणि सह्याद्रीच्या उतारांवर आपोआप वाढणारे काटेरी झुडूप व त्याचे फळ. झुडपाला करवंदी म्हणतात. सह्याद्रीतील जंगली करवंदाला काही वनस्पतितज्ज्ञ कॅरिसा कंजेस्टा या नावाने वेगळे धरतात. गोव्यात याच फळाला कांटां म्हणतात. कण्हेर याच कुलातली, आणि ती विषारी. करवंदाचे पिकलेले फळ मात्र बिनघोर खावे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्या दगडाचे सडे म्हणजे उघडी पठारे, जिथे मातीचा थर जेमतेम वीतभर, तिथेही करवंदीच्या जाळ्या तग धरतात. पाने समोरासमोर, चकचकीत. काटे जोडीने, बरेचदा टोकाशी दुभंगलेले. फेब्रुवारीपासून जुईसारखी पांढरी, सुवासिक फुले येतात. फळ आधी हिरवे, मग लालसर आणि एप्रिल-मे महिन्यांत काळेभोर होते. देठाशी पांढरा चीक असतो. अर्धवट पिकलेली करवंदे घाईने खाणाऱ्याचे ओठ चिकटतात आणि ते लवकर सुटत नाहीत. पावसाच्या सरी सुरू झाल्या की फळे किडतात, म्हणून जाणती माणसे मिरगानंतर करवंदांच्या वाटेला जात नाहीत.

सुट्टीत गावी आलेल्या मुलांचा एक खेळ या फळावर चालतो. टपोरे करवंद हातात धरून विचारायचे, ‘कोंबडा की कोंबडी?’ समोरच्याने उत्तर दिले की फळ दातांनी अर्धे तोडायचे. आत लालभडक निघाले तर कोंबडा, फिकट पांढरट निघाले तर कोंबडी. वरून दोन्ही सारखीच काळी, त्यामुळे अनुभवी खेळाडूही फसतो.

सड्यावरच्या जाळीला सहसा कोणी मालकी सांगत नाही. जो ओरखडे सोसेल त्याची करवंदे. उन्हाळ्यात शेतीची कामे थांबलेली असताना ठाकर व कातकरी बायकांच्या हाती यातून थोडा रोख पैसा येतो. कर्जत, नेरळ, कसारा या भागांत पानांच्या द्रोणांतून ‘डोंगराची काळी मैना’ विकली जाते. तोडणी हाताने, एकेक फळ करून होते. द्रोणाच्या दरावर घासाघीस करणाऱ्याने एकदा जाळीत हात घालून पाहावा.

कच्च्या करवंदांचे लोणचे घालतात. कैरीच्या लोणच्यातही ती टाकतात. मिरची-गुळाबरोबर वाटून चटणी होते. फळात पेक्टिन भरपूर असल्याने जाम-जेली वेगळे काही न घालता घट्ट होते. केकवर आणि मसाला पानात ‘चेरी’ म्हणून येणारा लाल गोळा पुष्कळदा बिया काढून, पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते. रंग आणि साखर चढल्यावर त्यात मूळ फळाची चव शोधू नये.

पोषणाबाबत थोडी सबुरी हवी. ‘करवंदात १०० ग्रॅममागे ३९ मिलिग्रॅम लोह’ हा आकडा जिथे तिथे छापला जातो. तो वाळवलेल्या करवंदांचा आहे. ताज्या फळात सुमारे ९१ टक्के पाणी आणि १०० ग्रॅममागे जेमतेम ४२ कॅलरी असतात. वाळवलेल्याचा आकडा त्याला लावणे चूक. आंबटपणा, क जीवनसत्त्व आणि काळ्या सालीतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य ही त्याची खरी जमेची बाजू. रक्तवाढीचे औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

करवंदीचे कुंपण गुरे ओलांडत नाहीत. जाळीच्या आत रुजलेली इतर झाडांची रोपेही चरण्यातून वाचतात, आणि बुलबुलांसारखे पक्षी बिया दूरवर टाकतात. सडे साफ करून लावलेल्या आंबा-काजूच्या बागा, चिरेखाणी आणि दरवर्षीचे वणवे यांमुळे अनेक ठिकाणच्या जाळ्या गेल्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळांची ‘कोकण बोल्ड’ ही जात लागवडीसाठी दिली आहे. लोणचे आणि प्रक्रियेसाठी ती सोयीची. द्रोणातून विकली जाणारी करवंदे मात्र आजही बहुतांशी रानातलीच असतात.