अंकीय साठवणूक एककांचे रूपांतर

छिद्रकार्ड, संगणकाचा ‘शब्द’ (संगणक एका वेळी हाताळतो तो बिटांचा गट), वर्णसंख्या अशा जुन्या मापांत किंवा ‘किलोबाइट’च्या जुन्या अर्थाने नोंदवलेली क्षमता आजच्या प्रमाण एककांत मांडण्याच्या रीतीला अंकीय साठवणूक एककांचे रूपांतर म्हणतात. हिशेब गुणाकार-भागाकारापलीकडचा नसतो. चुका होतात त्या दोन गोष्टी आधी न ठरवल्यामुळे : जुन्या एककात बिट किती होते, आणि ‘किलो’ म्हणजे १,००० की १,०२४. म्हणून जुन्या मापावरून थेट नव्यावर न येता मधल्या टप्प्यावर बाइटांची पूर्ण संख्या काढणे हीच खात्रीची रीत होय.

बिट म्हणजे दोन पर्यायांपैकी एकाची नोंद. ही संज्ञा १९४८ साली क्लॉड शॅनन यांच्या लेखातून रूढ झाली. मात्र अशी नोंद ठेवण्याची पद्धत कापडाच्या मागावर त्याच्याही सुमारे दीडशे वर्षे आधीपासून आहे. भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापुरी चादरीची नक्षी ज्या जेकार्ड यंत्रावर उठते, त्याच्या पुठ्ठ्याच्या कार्डात भोक असेल तर सुई आत शिरते, तिचा हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाऊन धागा खालीच राहतो. बाण्याच्या एका धाग्याला एक कार्ड आणि ३८४ हुकांचे यंत्र धरले, तर एका कार्डावर ३८४ बिट, म्हणजे आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने ४८ बाइट मावतात. दोरीने ओवलेल्या हजार कार्डांची माळ ४८,००० बाइटांची, म्हणजे ४८ किलोबाइट भरते. सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एखाद्या कारखान्यातल्या जुन्या माळा संगणकावर उतरवायच्या झाल्यास जागेचा अंदाज याच हिशेबाने बांधता येतो. संगणकाच्या छिद्रकार्डाचे तसे नाही : त्यावर ८० स्तंभ आणि १२ ओळी, म्हणजे ९६० भोकांच्या जागा असल्या, तरी एका स्तंभात एकच वर्ण लिहिण्याचा प्रघात असल्याने ते सामान्यतः ८० बाइटांचे मानतात.

‘बाइट’ ही संज्ञा १९५६ मध्ये आयबीएममधील वेर्नर बुखहोल्झ यांनी योजली. पण बाइट म्हणजे आठच बिट, हे १९६४ च्या सिस्टिम/३६० या संगणकमालिकेनंतर हळूहळू स्थिरावले. त्याआधीच्या आकड्यांबाबत म्हणूनच सावध राहावे लागते. १९५६ च्या रॅमॅक या पहिल्या चकती-साठवणीची क्षमता ५० लाख वर्ण होती आणि एक वर्ण सहा बिटांचा होता; तेव्हा तिची आजच्या मापातील क्षमता ३.७५ मेगाबाइट येते. सर्रास लिहिला जाणारा ५ मेगाबाइट हा आकडा वर्णालाच बाइट समजल्याने आलेला आहे. पीडीपी-८ या १९६५ च्या संगणकाची ‘४ के’ स्मृती म्हणजे १२ बिटांचे ४,०९६ शब्द, अर्थात ६,१४४ बाइट.

दुसरा घोळ उपसर्गांचा आहे. स्मृतीचे पत्ते दोनच्या घातांत वाढत असल्याने १,०२४ बाइटांना किलोबाइट म्हणण्याची सवय पडली. साडेतीन इंची फ्लॉपी हा तिचा सर्वांत विक्षिप्त नमुना ठरावा. ८० मार्ग, दोन बाजू, प्रत्येक मार्गावर १८ खंड आणि खंडात ५१२ बाइट, असे तिचे एकूण १४,७४,५६० बाइट होतात. वेष्टनावरचे ‘१.४४ मेगाबाइट’ मिळवताना या संख्येला एकदा १,०२४ ने आणि एकदा १,००० ने भागलेले असते, त्यामुळे ते कोणत्याच पद्धतीत बसत नाही; दशमान पद्धतीने (१,००० च्या पटींत) १.४७ आणि द्विमान पद्धतीने (१,०२४ च्या पटींत) १.४१ असे खरे आकडे येतात. सीडीवरील ७०० मेगाबाइट हा आकडा द्विमान असतो, डीव्हीडीवरील ४.७ गिगाबाइट हा दशमान.

१९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १,०२४ च्या पटींसाठी किबी, मेबी, गिबी, टेबी हे वेगळे उपसर्ग ठरवून दिले आणि किलो, मेगा, गिगा दशमान अर्थासाठी राखले. बोलण्यात मात्र सगळे ‘जीबी’च राहिले. भारतीय मोजणीत १ गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट, तर १ गिबीबाइट म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. किलोच्या पातळीवर २.४ टक्के असलेला हा फरक टेरापाशी जवळपास १० टक्क्यांवर जातो. सोलापुरातील दुकानातून घेतलेली १ टेराबाइटची हार्ड डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, तेव्हा गिऱ्हाईक दुकानदाराशी वाद घालते. वस्तुतः बाइट पूर्ण असतात, विंडोज गिबीबाइट मोजून त्यापुढे जीबी लिहिते. ॲपलच्या संगणकांनी २००९ पासून दशमान मोजणी स्वीकारल्याने तीच डिस्क तेथे १ टेराबाइट दिसते.

इंटरनेटचा वेग बिटांत आणि नेहमी दशमान उपसर्गांनी सांगतात. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर त्यामुळे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतात.