वर्गणी की कर? टेक्सासच्या फायर डिस्ट्रिक्टची पार्श्वभूमी

ह्यूस्टनजवळ केटी किंवा सायप्रसला घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना मालमत्ता कराच्या बिलात काउंटी, शाळा वगैरे रकान्यांबरोबर ‘ईएसडी’ (इमर्जन्सी सर्व्हिसेस डिस्ट्रिक्ट, म्हणजे आग आणि रुग्णसेवेसाठी कर घेणारा स्थानिक विभाग) अशी एक ओळ दिसते. पत्त्यात शहराचं नाव असलं तरी यातली बरीच घरं कुठल्याच शहराच्या हद्दीत नाहीत. तिथे आगीचा बंब येतो तो या ओळीतल्या पैशांवर. छातीत दुखतंय म्हणून 911 ला फोन केला तर दारात येणारी गाडीही बहुधा त्याच पैशांवर चालते.

या ओळीचं मूळ 1949 सालात आहे. तोवर टेक्सासच्या खेड्यांतलं अग्निशमन स्वयंसेवकांच्या जिवावर चालायचं. बार्बेक्यूची जेवणं घालून पैसे उभे करायचे आणि शहरानं काढून टाकलेला बंब डागडुजी करून वापरायचा, अशी रीत होती. त्या नोव्हेंबरात मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि ग्रामीण भागाला स्वतंत्र फायर डिस्ट्रिक्ट स्थापून कर लावायची मुभा मिळाली. मर्यादा मात्र मालमत्तेच्या दर 100 डॉलर मूल्यामागे 3 सेंटची. म्हणजे त्या काळच्या 5,000 डॉलरच्या घरामागे वर्षाला दीड डॉलर. त्यात इंधन सुटलं असेल, नवा बंब काही येणार नव्हता. 1987 मध्ये दुसरी दुरुस्ती झाली. तिनं मर्यादा 10 सेंटवर नेली आणि आगीबरोबर रुग्णसेवाही कक्षेत घेतली. हीच आजची ईएसडी. 2003 मध्ये जुने डिस्ट्रिक्ट याच नव्या साच्यात बसवले गेले.

कर नको, वर्गणी बरी, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. ज्याला सेवा हवी त्यानं पैसे भरावेत, बाकीच्यांच्या खिशात हात कशाला, हा त्यांचा मुद्दा. ऐकायला तो रास्त वाटतो. तो आगीसमोर कसा टिकतो, हे 2010 च्या सप्टेंबरात दुसऱ्या एका राज्यात, टेनेसीच्या ओबायन काउंटीत, सगळ्या देशानं पाहिलं. तिथे साऊथ फुल्टन या छोट्या शहराचं दल हद्दीबाहेरच्या घरांना वर्षाला 75 डॉलर घेऊन सेवा द्यायचं. एका कुटुंबाची त्या वर्षीची वर्गणी भरलेली नव्हती. अंगणात कचरा जाळताना आग पसरली. फोनवर उत्तर मिळालं की तुमचं नाव यादीत नाही. लागेल तो खर्च देतो म्हटलं, तरी उपयोग झाला नाही. बंब आला तो आग शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत पोचल्यावर, कारण शेजाऱ्यानं वर्गणी भरली होती. जवानांनी शेजाऱ्याची बाजू विझवली आणि मूळ घर त्यांच्या डोळ्यांदेखत जळून गेलं. माणसं बाहेर होती, पण घरातले कुत्रे आणि मांजर गेले.

त्यानंतर वाद पेटला. घर जळाल्यावर विमा काढता येतो का, असा सवाल वर्गणीवाले करत होते. हिशेब म्हणून तो चूक नाही. आग लागल्यावर पैसे घ्यायचे ठरवलं तर आधी कोणीच भरणार नाही आणि ऐनवेळी बंबही नसेल. पण म्हणूनच तर वर्गणी हा मार्ग लंगडा आहे. पुढे उभ्या जवानाला पाण्याआधी यादी बघायला लावणं, ही व्यवस्था ठरवणाऱ्यांची जबाबदारी होती आणि शिव्या मात्र त्या जवानांनी खाल्ल्या. पुढच्या वर्षी तिथेच आणखी एक घर असंच जळलं, तेव्हा कुठे नियम बदलला: आधी विझवायची, मग न भरणाऱ्याकडून जबर वसुली. सगळ्यांवर थोडा कर लावला की दारात हा प्रश्नच उरत नाही. टेक्सासच्या 3 लाख डॉलरच्या घराला 10 सेंटनं वर्षाला 300 डॉलर पडतात. 75 च्या चौपट, हे खरं.

तरी डिस्ट्रिक्ट झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी बंब दारात असं होत नाही. साधारण 100 मतदारांच्या सह्यांचा अर्ज, काउंटीपुढे सुनावणी, मग मतदान. नोव्हेंबरात कौल मिळाला तर कराचा पहिला पैसा हातात यायला पुढच्या वर्षाची अखेर उजाडते. नवा बंब सांगून ठेवला तर तो यायला अलीकडे दोन-तीन वर्षं सहज जातात. त्यामुळे बहुतेक नवी डिस्ट्रिक्ट जुन्याच स्वयंसेवी दलाशी करार करतात. रहिवाशांना पहिला फरक बऱ्याचदा विम्याच्या हप्त्यात जाणवतो. विमा कंपन्या वापरतात त्या प्रतवारीत 1 सर्वांत चांगला आणि 10 म्हणजे संरक्षण नाहीच. रस्त्यानं 5 मैलांच्या आत मान्यताप्राप्त अग्निशमन ठाणं नसेल तर घर सहसा 10 मध्येच पडतं. म्हणून नवं ठाणं कुठे बांधायचं यावर बैठकांत जेवढं भांडण होतं, तेवढं कराच्या दरावरही होत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट त्या 10 सेंटच्या मर्यादेत आहे. ह्यूस्टनच्या कडेला हजारो नवी घरं आहेत, त्यामुळे 10 सेंटचेही बरेच पैसे होतात. डिस्ट्रिक्टला विक्रीकरातला वाटाही मिळू शकतो, पण स्थानिक विक्रीकर एकूण 2 टक्क्यांपलीकडे जात नाही, आणि तिथे दुसऱ्या संस्थेनं आधीच हात मारला असेल तर काही उरत नाही. तरी अशा भागात पगारी जवान चोवीस तास ठेवता येतात. उलट पॅनहँडल या टेक्सासच्या उत्तर टोकाच्या भागात मैलोन् मैल गवत आणि कुरणं. शेतजमिनीचं मूल्य करासाठी बाजारभावानं नाही, उत्पन्नावरून धरतात, त्यामुळे तेच 10 सेंट तिथे जवळजवळ काहीच आणत नाहीत. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच भागात एका कुजलेल्या विजेच्या खांबापासून आग लागली आणि 10 लाख एकरांहून जास्त जमीन जळली. तिच्याशी झुंजणाऱ्यांत गावोगावचे स्वयंसेवक होते, आणि पिकअपवर पाण्याची टाकी चढवून निघालेले शेतकरीही.