धुक्यात यंत्र, वाऱ्यात वैमानिक : अवघड लँडिंगची पार्श्वभूमी

१८ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘युनिस’ वादळ ब्रिटनवर येऊन आदळलं. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचं थेट चित्रण त्या दिवशी इंटरनेटवर सुरू होतं आणि एका वेळी दोन लाखांहून जास्त लोक ते बघत होते. नाक धावपट्टीच्या एका अंगाला वळलेलं, पंख वरखाली होताहेत, चाकं टेकणार एवढ्यात इंजिनं गरजतात आणि विमान पुन्हा आकाशात जातं. असे प्रसंग बघताना अंगावर काटा येतो, आणि मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की इतकी यंत्रं हाताशी असताना हे काम अजून माणूस का करतोय?

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. दाट धुक्यातलं लँडिंग कुणी असं बघत बसत नाही, कारण बघण्यासारखं काही दिसतच नाही. पण विमानवाहतुकीने सर्वांत जास्त बुद्धी, पैसा आणि वर्षं खर्च केली ती धुक्यावर, आणि तिथे यंत्राने खरोखर बाजी मारली. वाऱ्याचं तसं झालं नाही. दाट धुकं बहुधा शांत हवेत साचतं आणि जोराचा वारा ते उधळून लावतो, त्यामुळे ही दोन संकटं सहसा एकत्र येत नाहीत. त्यांचे इतिहासही वेगवेगळ्या वाटांनी गेले.

धुक्याची गोष्ट सुरू होते ती माणसाच्या कानापासून. ढगात किंवा धुक्यात क्षितिज दिसेनासं झालं की तोल सांभाळायला उरतात ते आतल्या कानातले अवयव, आणि तेच फसवतात. विमान सावकाश एका बाजूला कलत गेलं तर त्यांना पत्ता लागत नाही. सरळ केलं तर उलट बाजूला कललो असं वाटतं. सुरुवातीच्या काळात चांगल्या वैमानिकाला हे सारं अंगभूत जाणिवेने कळतं, अशी समजूत होती. १९२६ मध्ये अमेरिकी लष्करातले वैमानिक विल्यम ऑकर यांना वैद्यकीय तपासणीत फिरत्या खुर्चीत बसवलं गेलं. डोळे झाकलेले. खुर्ची कुठल्या दिशेला फिरतेय हे त्यांना बरोबर सांगता येईना. फिरणं मंदावलं की ते उलट दिशा सांगत. मग त्यांनी वळण दाखवणारं जायरो उपकरण (वेगाने फिरणाऱ्या चकतीवर चालणारं) एका पेटीत बसवलं, पेटीत डोकावत पुन्हा त्याच खुर्चीत बसले आणि प्रत्येक वेळी अचूक उत्तर दिलं. शरीर सांगतं ते बाजूला ठेवा आणि काटा सांगतो ते ऐका, हा धडा पुढच्या सगळ्या प्रगतीचा पाया आहे. माझ्या मते विमानवाहतुकीत एवढ्या स्वस्तात एवढं मोठं काही क्वचितच सापडलं असेल.

तीनच वर्षांनी, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जेम्स डूलिटल यांनी ते सिद्ध केलं. ते धाडसी वैमानिक म्हणून गाजलेले होते, पण एमआयटीतून वैमानिकी अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवलेले अभ्यासकही होते, आणि हा प्रयोग त्यांच्यातल्या अभ्यासकाचा होता. त्यांच्या दोन आसनी विमानाच्या मागच्या कॉकपिटवर पूर्ण आच्छादन टाकलं होतं. पुढे खबरदारीसाठी बेंजामिन केल्सी बसले होते, पण त्यांना काही करावं लागलं नाही. डूलिटल यांच्यासमोर स्पेरी यांच्या कंपनीचं कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक जायरो आणि कॉल्समन यांचा नवा, बारीक फरक दाखवणारा उंचीमापक होता. जमिनीवरून रेडिओ लहरींचा, दिशा दाखवणारा मार्ग सोडलेला होता. पंधरा मिनिटांत विमान उडालं, वळलं आणि उतरलं, आणि उडवणाऱ्याने या सबंध वेळात बाहेरचं काहीही पाहिलं नव्हतं.

पुढची पायरी रेडिओची. १९३० च्या दशकात जर्मनीत लॉरेंझ पद्धत आली. तिच्यात वैमानिकाला मार्गाच्या एका बाजूला टिंबांचा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या बाजूला रेघांचा आणि नेमक्या मध्यावर सलग सूर. याच कल्पनेतून आणि अमेरिकेतल्या प्रयोगांतून आजची आयएलएस (इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम) यंत्रणा घडली. लोकलायझर धावपट्टीची मध्यरेषा दाखवतो आणि ग्लाइड स्लोप साधारण तीन अंशांचा उतार. दोन्ही काटे मध्यावर ठेवले की विमान न दिसणाऱ्या त्या उतारावरून धावपट्टीच्या तोंडाशी येतं. २६ जानेवारी १९३८ रोजी वॉशिंग्टनहून आलेलं पेनसिल्व्हेनिया सेंट्रल एअरलाइन्सचं एक बोइंग २४७ हिमवादळात पिट्सबर्गला या पद्धतीने उतरलं. नियमित सेवेतल्या अमेरिकी प्रवासी विमानाचं ते पहिलं आयएलएस लँडिंग.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांकडे धीर धरायला वेळ नव्हता. बॉम्बफेक करून परतणारी विमानं धुक्यामुळे घरच्याच मातीत कोसळत होती. त्यावर ‘फिडो’ नावाचा अचाट उपाय निघाला. धावपट्टीच्या दोन्ही कडांना नळ टाकायचे, त्यांतून पेट्रोल सोडायचं आणि पेटवून द्यायचं. उष्णतेने धुक्याचे थेंब विरायचे आणि धावपट्टीवर उघडीक मिळायची. तासाला लाखो लिटर पेट्रोल जळायचं. पण सुमारे अडीच हजार विमानं यामुळे उतरली आणि त्यांतल्या माणसांचे जीव वाचले. युद्धानंतर हा खर्च कुणाला परवडणारा नव्हता.

युद्धानंतर सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवल्या आणि शहराला विमानांनी पुरवठा करावा लागला. या नाकेबंदीने आणखी एक गोष्ट शिकवली. १३ ऑगस्ट १९४८ रोजी खाली आलेले ढग आणि मुसळधार पाऊस यांत टेम्पलहॉफ विमानतळावर एक मालवाहू विमान धावपट्टीच्या टोकाला कोसळून पेटलं, त्यामागून येणाऱ्यांचेही अपघात झाले आणि वर आकाशात विमानांची चळत लागली. या हवाई पुरवठ्याचे प्रमुख विल्यम टनर स्वतः त्या चळतीत अडकले होते. त्यानंतर त्यांनी नियमच केला : पहिल्या प्रयत्नात उतरता आलं नाही तर माल घेऊन थेट तळावर परत. दुसरा प्रयत्न नाही. त्या हिवाळ्यातल्या धुक्यात विमानं उतरवण्याचं मोठं श्रेय मात्र जमिनीवरच्या रडारला जातं. पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे लुईस अल्वारेझ यांनी युद्धकाळात घडवलेल्या या पद्धतीत नियंत्रक पडद्यावर विमान बघतो आणि ‘थोडं डावीकडे, उतारापेक्षा वर आहात’ असं सतत बोलत वैमानिकाला खाली आणतो. वैमानिकाचे डोळे तेव्हा जमिनीवरच्या एका अनोळखी माणसाकडे सोपवलेले असत.

युद्धानंतर धुक्याचा प्रश्न सर्वांत जिद्दीने हाती घेतला तोही ब्रिटननेच. कारण उघड आहे, लंडनचं धूरमिश्रित धुकं दर हिवाळ्यात विमानसेवा ठप्प करत होतं. १९४५ मध्ये तिथे आंधळ्या लँडिंगच्या प्रयोगांसाठी खास पथक स्थापन झालं. त्याच सुमारास फार्नबरोच्या संशोधन केंद्रात ई. एस. काल्व्हर्ट यांनी धावपट्टीआधीच्या दिव्यांची रचना नव्याने मांडली. मध्यरेषेवरचे दिवे आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या ओळी यांमुळे धुक्यातून क्षणभर दिसलेल्या तुकड्यावरूनही विमान किती कललंय हे कळू लागलं. विमानतळाच्या टोकाला आजही तशा ओळी दिसतात.

१० जून १९६५ रोजी ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ट्रायडंट पॅरिसहून आलं आणि हीथ्रोवर त्याची चाकं स्वयंचलित यंत्रणेने टेकवली. प्रवासी घेऊन जाणाऱ्या नियमित उड्डाणात हे पहिल्यांदाच घडलं होतं. ट्रायडंटमध्ये स्वयंचलनाच्या तीन समांतर वाहिन्या होत्या. एक बिघडून वेगळं सांगू लागली तर उरलेल्या दोघी तिला बाद करून काम पुढे नेत. धुक्यात जमिनीपासून काही फुटांवर असताना यंत्र बंद पडून चालत नाही, म्हणून ही व्यवस्था.

आजचे दर्जे यातूनच आले. आयएलएसच्या पहिल्या श्रेणीत वैमानिकाला २०० फुटांवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसायलाच हवेत, आणि धावपट्टीवरची दृश्यता, म्हणजे आरव्हीआर, साधारण ५५० मीटर हवी. दुसऱ्या श्रेणीत ही उंची १०० फुटांवर येते. तिसऱ्या श्रेणीच्या वरच्या पायऱ्यांवर ७५ मीटर किंवा त्याहून कमी दृश्यतेतही विमान स्वतः उतरतं आणि मध्यरेषेवरून धावतं. त्यासाठी विमान, विमानतळ आणि वैमानिक अशा तिघांनाही स्वतंत्र मान्यता लागते. शिवाय विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, कारण धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानामुळे रेडिओ लहरी विचलित होऊ शकतात. धुक्याच्या दिवशी उड्डाणांना उशीर होतो त्याचं एक मोठं कारण हे आहे. विमानाला उतरता येतं, पण तासाभरात उतरणाऱ्यांची संख्या घटते.

आता वारा. सुरुवातीचे विमानतळ म्हणजे मोकळी गवताळ मैदानं असत आणि वैमानिक वाऱ्याकडे तोंड करून हव्या त्या दिशेने उतरे. आडवा वारा ही अडचण खऱ्या अर्थाने जन्माला आली ती पक्क्या धावपट्टीमुळे. पट्टीची दिशा एकदा ठरली की वारा आपल्या मर्जीने कुठूनही येणार. युद्धकाळातल्या अनेक तळांवर त्रिकोणात तीन धावपट्ट्या असत त्या यासाठीच. पुढे विमानं जड झाली, पट्ट्या लांबल्या आणि तीन-तीन बांधणं परवडेना. आता स्थानिक वाऱ्याच्या नोंदी पाहून पट्टीची दिशा ठरवतात. निदान ९५ टक्के वेळ आडवा वारा मर्यादेत राहावा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. उरलेला वेळ वैमानिकाच्या कौशल्यावर सोडलेला आहे.

ते कौशल्य म्हणजे नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं येणं आणि टेकायच्या क्षणी शेपटीवरच्या रडरने विमान सरळ करणं. लवकर सरळ केलं तर वारा बाजूला वाहून नेतो, उशीर झाला तर चाकांवर आडवा ताण येतो. बी-५२ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानात तर चाकंच वळवण्याची सोय केली, म्हणजे विमान तिरकं राहिलं तरी चाकं पट्टीला समांतर.

१ मार्च २००८ रोजी हॅम्बुर्गला एका एअरबस ए-३२० च्या पंखाचं टोक अशाच वाऱ्यात जमिनीला घासलं. वैमानिकांनी विमान उचललं आणि दुसऱ्या प्रयत्नात सुखरूप उतरवलं. चौकशीतून दोन महत्त्वाच्या गोष्टी बाहेर आल्या. एक चाक टेकताच संगणकाने विमान जमिनीवर आल्याचं मानलं आणि कल सावरण्याच्या नियंत्रणाचा परिणाम कमी केला. दुसरी गोष्ट, उत्पादकाने चाचणीत ‘करून दाखवलेला’ आडवा वारा म्हणजे कमाल मर्यादा की नुसती माहिती, याबद्दल वैमानिकांमध्ये एकवाक्यता नव्हती. इतक्या मूलभूत गोष्टीबद्दलची ही संदिग्धता मला पंख घासण्याइतकीच गंभीर वाटते.

पण वाऱ्याचा सर्वांत घातक प्रकार आडवा नव्हे, उभा निघाला. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं बोइंग ७२७ धावपट्टीआधीच कोसळलं आणि ११३ जण मरण पावले. जवळच गडगडाटी वादळ होतं. त्याच धावपट्टीवर आधी आलेल्या वैमानिकांनी वाऱ्याबद्दल इशाराही दिला होता. शिकागो विद्यापीठातले तेत्सुया फुजिता यांनी नोंदी तपासल्या आणि सांगितलं, की ढगातून थंड हवेचा झोत सरळ खाली कोसळतो आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. १९४५ मध्ये त्यांनी अणुबॉम्बनंतरचं नागासाकी पाहिलं होतं. केंद्रापासून बाहेरच्या दिशेने कोलमडलेली झाडं त्यांच्या लक्षात राहिली होती आणि अमेरिकेतल्या वादळांनंतर विमानातून जंगलं पाहताना त्यांना तीच नक्षी दिसली.

त्यांच्या मायक्रोबर्स्टच्या, म्हणजे अशा छोट्या झोताच्या, कल्पनेवर अनेक हवामानशास्त्रज्ञांचा विश्वास बसला नाही. चार किलोमीटरपेक्षा लहान, काही मिनिटांत संपणारा झोत तोवरच्या मोजणीच्या जाळ्यातून निसटत होता. १९७८ मध्ये शिकागोजवळ आणि १९८२ मध्ये डेन्व्हरजवळ वाऱ्याचा वेग मोजणारी डॉप्लर रडार लावून हे झोत प्रत्यक्ष टिपले तेव्हा वाद मिटला. त्याचा सापळा कसा लागतो हेही उलगडलं. झोतात शिरताना समोरचा वारा वाढतो, विमान उतारापेक्षा वर जातं आणि वैमानिक साहजिकच इंजिनाचा जोर कमी करतो. पुढच्या काही सेकंदांत वरून दाब येतो, मग पाठीमागून वारा, वेग घसरतो आणि जमीन जवळ असते. २ ऑगस्ट १९८५ रोजी डल्लासला डेल्टाचं विमान याच क्रमाने कोसळलं, १३७ बळी गेले. त्यानंतर मात्र अमेरिकेत विमानांत इशारा यंत्रणा सक्तीची झाली, विमानतळांजवळ खास रडार आली आणि सिम्युलेटरवर याचा सराव सुरू झाला.

डोंगर जवळ असले की वारा आणखी बेभरवशाचा होतो. हाँगकाँगच्या जुन्या काय ताक विमानतळावर लाल-पांढरे चौकोन रंगवलेली टेकडी समोर ठेवून, घरांच्या गच्च्यांवरून ४७ अंशांचं वळण घेत उतरावं लागे. पोर्तुगालच्या माडेरा बेटावर १९७७ मध्ये मुसळधार पावसात टीएपी या पोर्तुगीज कंपनीचं विमान धावपट्टीवरून पुढे जाऊन कोसळलं आणि १३१ माणसं गेली. पुढे तिथली धावपट्टी समुद्रकाठी खांबांवर उभारून लांबवली. तिथल्या वाऱ्याच्या मर्यादा वैमानिकाच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत, त्या बंधनकारक आहेत.

मोठ्या प्रवासी विमानांची स्वयंचलित लँडिंग यंत्रणाही साधारण २०-२५ नॉटपलीकडच्या (ताशी सुमारे ३७-४६ किलोमीटर) आडव्या वाऱ्यात वापरता येत नाही. धुकं दहा मिनिटांनीही बरंचसं तसंच असतं, झुळूक दर सेकंदाला बदलते. म्हणून युनिससारख्या वादळात नियंत्रण माणसाच्या हाती राहतं. तेव्हा त्याच्याजवळचं सर्वांत मोठं साधन म्हणजे गो-अराउंड, म्हणजेच लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं. प्रेक्षकांना ते अपयश वाटतं, पण ते वेळेवर न केल्याची किंमत रशियातल्या स्मोलेन्स्कला दिसली. १० एप्रिल २०१० रोजी आयएलएस नसलेल्या त्या विमानतळावर दाट धुक्यात खाली येताना पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांसह ९६ जण मरण पावले.

गो-अराउंडलाही स्वतःचा धोका आहेच. १९ मार्च २०१६ रोजी रशियातल्या रोस्तोव्हला फ्लायदुबईच्या विमानाने वाऱ्यामुळे एकदा लँडिंग सोडलं, सुमारे दोन तास घिरट्या घालून पुन्हा प्रयत्न केला आणि तोही सोडला. इंधन जळून हलक्या झालेल्या विमानाने रात्रीच्या ढगांत पूर्ण जोराने वेग घेतला. अशा वेगवाढीत नाक फार वर गेल्याचा भास होतो, आणि विमान नाक खाली घालून जमिनीवर आदळलं. ६२ जण गेले. ऑकर यांच्या खुर्चीतल्या प्रयोगाला तेव्हा नव्वद वर्षं झाली होती.

आता नवं काम चाललंय ते कोरड्या वाऱ्यावर. डॉप्लर रडारला पावसाचे थेंब लागतात, निरभ्र आकाशातला वारा त्याला नीट दिसत नाही. हाँगकाँगचा नवा विमानतळ लांताऊ बेटाच्या डोंगरांच्या आडोशाला आहे आणि तिथले अनेक झोत असे कोरडेच असतात. तिथल्या वेधशाळेने २००२ मध्ये लायडार बसवला. तो हवेत लेसर सोडतो आणि धुळीच्या कणांवरून परतलेल्या प्रकाशातून वाऱ्याचा वेग काढतो. समोरच्या वाऱ्यात १५ नॉट किंवा त्याहून जास्त फरक दिसला की नियंत्रक उतरणाऱ्या वैमानिकाला तो आकडा आणि जागा सांगतो, आणि पुढे जायचं की सोडून द्यायचं हे वैमानिक ठरवतो.