सरासरीच्या मागे धावणारा अनुशेष

नागपूरचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की ‘अनुशेष’ बातम्यांत परततो. अमुक हजार कोटी बाकी, तमुक हजार कोटी पळवले. ऐकणाऱ्याला वाटतं, एखाद्या विभागाला मिळायचे पण न मिळालेले पैसे म्हणजे अनुशेष. तो तसा मोजलेला नाही.

१९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली राज्यातल्या प्रादेशिक असमतोलाचा शोध घेणारी समिती नेमली गेली. तिने आधी पैसे नाही, सोयी मोजल्या : रस्ते, सिंचन, गावांची वीज, शिक्षण, आरोग्य वगैरे. प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा तिच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला लागणारा खर्च म्हणजे त्याचा अनुशेष. १९८४च्या अहवालात एकूण आकडा ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये निघाला. त्यात विदर्भ सुमारे १,२४७ कोटी, मराठवाडा ७५१ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्र (म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, कोकण वगैरे) १,१८९ कोटी. हा शेवटचा आकडा भाषणांत सहसा येत नाही.

पुढारलेला भाग म्हणायचा आणि अनुशेष मराठवाड्याहून जास्त, हे कसं? कारण पुढे असलेल्या जिल्ह्याचं आधिक्य मागे असलेल्याच्या तुटीतून वजा होत नाही. शेजारच्या जिल्ह्यात ऊस डुलतोय म्हणून रत्नागिरीतलं शेत भिजत नाही.

सिंचनाचं मोजमाप तर आणखी किचकट. एक हेक्टर ऊस आणि एक हेक्टर ज्वारी यांना सारखं पाणी लागत नाही. म्हणून सगळी सिंचन क्षमता ‘प्रमाण रब्बी समतुल्य’ हेक्टरांत बदलून घेतात, म्हणजे तेवढ्याच पाण्यात रब्बीचं किती क्षेत्र भिजलं असतं ते काढतात, आणि मग तुलना करतात.

आता या मोजणीतली मला सर्वांत आवडणारी गंमत. सारख्या आकाराचे तीन जिल्हे घ्या. सिंचन अनुक्रमे ६०, ४० आणि २० टक्के. सरासरी ४०, म्हणून तिसऱ्याचा अनुशेष २०. तो आपण पूर्ण भरला. आता आकडे ६०, ४०, ४०. पण सरासरी झाली ४६.७! काल ज्याच्याकडे अनुशेष नव्हता तो दुसरा जिल्हाही आज मागास ठरला. पुन्हा भरा, सरासरी ५१च्या वर. असं करत राहिलात तर आकडे ६०च्या जवळ जातील, पण अनुशेष शून्य कधीच होणार नाही. म्हणून मोजणी एका तारखेला गोठवावी लागते. ‘अनुशेष संपला’ असा दावा ऐकलात की कोणत्या तारखेचा, हे आधी विचारावं.

दुसरी मेख एककाची. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर शंभरेक किलोमीटर पूर्वेच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोन्ही सातारा जिल्ह्यातच. (माणचा दुष्काळ नशिबाने आलेला नाही आणि यज्ञाने जाणार नाही. ढग सह्याद्रीवर चढताना रिकामे होतात, पलीकडे पर्जन्यछाया उरते.) जिल्ह्याच्या सरासरीत माण दिसेनासा होतो. याच असमतोलावर २०११ साली नेमलेल्या अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने तालुका हे एकक धरलं ते याचसाठी.

पण एकक लहान केलं की आकडाही हलतो, आणि एकाच दिशेने. समजा राज्याची सरासरी ४० आहे आणि एका जिल्ह्यातही बरोबर ४० टक्के सिंचन आहे, अनुशेष शून्य. त्याचे सारखे दोन तुकडे करा, एकात ७०, दुसऱ्यात १०. राज्याची सरासरी तीच, पण दुसऱ्या तुकड्यात ३०ची तूट उघडी पडली. क्षेत्रफळाच्या हिशेबाने मोजलं तर तुकडे केल्यावर एकूण तूट वाढते किंवा तेवढीच राहते. कमी होऊच शकत नाही. ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी बहिर्वक्र फलनाचा गुणधर्म आठवावा.

१९९९ साली परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया असे नवे जिल्हे झाले. अशा विभाजनानंतर एकही कालवा न खोदता, न बुजवता कागदावरचा अनुशेष बदलू शकतो. त्यामुळे दोन वेगवेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवून कोणी ‘वाढला’ म्हणालं, तर आधी दोन्ही वर्षी जिल्हे किती होते ते बघावं लागतं.