जुन्या पिकअपला शंभरचा बल्ब? थांबा जरा

तासगावची द्राक्षं रात्री भरून निघणाऱ्या जुन्या पिकअपवाल्यांत एक समज पक्का आहे: हेडलाइटचा उजेड कमी पडतोय ना, मग साठ-पंचावन्न वॅटचा (अप्परला साठ, डिपरला पंचावन्न) बल्ब काढा आणि शंभर-नव्वदचा टाका!

खरी गोम बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असते. हॅलोजन बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. जुनी बारीक वायर, गंजलेली अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) आणि झिजलेलं स्विच एवढी घट सहज करतात. साठचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात, शंभरचे दोन जवळपास १७. म्हणजे त्याच वायरीत घट आणखी वाढते, होल्डर वितळतो, स्विच जळतं. मग गाडी अंधारात उभी, तीही नेमकी खंबाटकीच्या चढाला.

आधी अर्थिंग घासून घ्या, मग रिले (स्विचच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारं उपकरण) आणि जाड वायर टाकून बॅटरीतून थेट करंट द्या. बल्ब जुनाच ठेवा, फरक दिसेल. रिफ्लेक्टर (बल्बमागचा चकचकीत आरसा) काळवंडला असेल तर तो बदलण्याला पर्याय नाही. काच पुसून काय होणार?

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवला तर झगमगाट होतो खरा, पण उजेड विखुरतो आणि समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात.