पहिले आठ तास लगाम का नाही?
आमच्या नव्या स्वारांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

नाव नोंदवून आठवडा झाला की बरेच पालक फाटकाशी थांबून विचारतात, "पोर नुसतं गोल गोल फिरतंय, हातात लगाम कधी देणार?" प्रश्न रास्त आहे. फी भरलेली असते, आणि दुसरीकडे शिकलेल्या आतेभावाला पहिल्याच दिवशी लगाम मिळालेला असतो. इंदूरच्या रामबाग, सुदामानगरहून भल्या पहाटे मुलांना घेऊन येणाऱ्यांना याचं नीट उत्तर मिळायलाच हवं.

आधी घोड्याचं तोंड पाहू. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते. तिथे दात नाहीत, पातळ हिरडी आहे आणि तिच्याखाली लगेच हाड. लगामाची लोखंडी कडी, म्हणजे बिट, जिभेवर आणि या जागेवर टेकते. स्वतःच्या नडगीवर चमच्याची कड दाबून पाहा, म्हणजे त्या जागेचा अंदाज येईल. नवखा स्वार तोल गेला की हाताला लागेल ते धरतो, आणि हाताला लागतो तो लगाम. त्याचं सगळं वजन त्या हिरडीवर येतं.

म्हणून पहिले आठ तास घोडा आमच्या माणसाच्या हातातल्या लांब दोरीवर गोल चालतो आणि स्वार फक्त मांड शिकतो. हात कमरेवर, डोक्यावर, खांद्यावर. कधी रिकीबही काढून घेतो. मांड पक्की झाली की हात मोकळा होतो. मगच त्या हातात लगाम द्यायचा.

लगाम धरायचा कसा, हे मात्र पद्धतीवर ठरतं. ड्रेसाजमध्ये, म्हणजे ठरलेल्या चाली आणि वळणं घोड्याकडून अचूक करून घेण्याच्या प्रकारात, स्वाराच्या कोपरापासून बिटपर्यंत एक सरळ रेघ असते. वादी, म्हणजे लगामाची कातडी पट्टी, ताणलेली नसते आणि लोंबतही नसते. घोड्याची मान हलते तसा हात तिच्याबरोबर जातो. हात आणि बिट यांच्यातल्या या हलक्या जोडाला संपर्क म्हणतात. लांबून वाटतं, स्वाराने मान ओढून खाली धरली आहे. असं ओढून मान वाकवता येते, पण त्याला संपर्क म्हणत नाहीत. जोर मागच्या पायांतून निघतो, पाठीतून पुढे येतो आणि घोडा आपणहून बिटला टेकतो. जर्मन शिक्षणक्रमात सहा पायऱ्या आहेत आणि संपर्क तिसरी आहे. आधी लय, मग अंगाचा मोकळेपणा, त्यानंतर संपर्क. आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला ज्या चौघांच्या संघात होती, त्या संघाने २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी मिळालेलं हे सुवर्ण. तेव्हापासून बरीच मुलं हेच शिकायला येतात, आणि आम्हाला त्याचा मनापासून आनंद आहे.

पोलोत उजव्या हातात काठी, त्यामुळे चारही वाद्या डाव्या हातात. वळायचं असेल तर वादी मानेवर टेकवायची. उजवीकडे जायचं तर ती मानेच्या डाव्या बाजूला लागते. टेंट पेगिंगमध्ये, म्हणजे दौडत्या घोड्यावरून जमिनीतली खुंटी भाल्याने उचलण्याच्या खेळातही, हात एकच, कारण दुसऱ्यात भाला. होळकरांच्या भालाईतांनाही याहून वेगळा मार्ग नव्हता. अमेरिकन वेस्टर्नमध्ये, म्हणजे तिकडच्या गुराख्यांच्या पद्धतीत, वादी चक्क झोळ देऊन सोडलेली असते. ते घोडे ढिल्या लगामावर चालतात याचं कारण शिक्षणात आहे: कॅलिफोर्नियाच्या जुन्या गुराखी परंपरेत घोड्याला आधी नाकावरच्या कातडी फासावर शिकवत आणि पूर्ण बिटपर्यंत यायला काही वर्षं जात. त्यांच्या दांड्याच्या बिटमध्ये तरफ असते, हाताची ओढ तोंडात कितीतरी पटींनी पोचते. असं बिट नवख्याच्या हाती देणं आम्हाला मुळीच मान्य नाही. आम्ही साधं सांध्याचं स्नॅफल, म्हणजे तरफ नसलेलं बिट, वापरतो. उडी शिकवताना कॅप्रिली या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याची रीत पाळतो: अंग पुढे, हात पुढे, घोड्याची मान मोकळी. त्याच्याआधी स्वार उडीवर मागे रेलत आणि तोंडाला झटका बसे.

आता आमच्या तांबड्या घोडीबद्दल थोडं. ती शर्यतीतून निवृत्त होऊन आली. शर्यतीत जॉकी लगाम घट्ट धरतो, घोडा त्यावर रेलतो आणि पळतो. म्हणजे तिला शिकवणच अशी, की तोंडाला ओढ लागली तर जोर कर. दुसरीकडे दोन वर्षं शिकलेला एक मुलगा तिच्यावर बसला. ती जरा चपळ निघाली, त्याने ओढलं, ती दुडकीवर आली, त्याने अजून ओढलं आणि ती चौखूर सुटली. तो पडला नाही, त्याची मांड चांगली होती. आम्ही ओरडून सांगितलं, "सोड, सोड आणि पुन्हा धर!" वादी सैल पडताच तिचे कान मागे वळले आणि दुसऱ्या फेरीत ती चालीवर आली. मुलाचं काहीच चुकलं नव्हतं. ही घोडी कुठल्या शाळेतली, ते आम्ही त्याला आधी सांगायला हवं होतं. आता प्रत्येक घोड्याच्या ठाणाशी त्याचं पूर्वीचं शिक्षण लिहिलेली पाटी आहे. बसण्याआधी ती वाचा.

पद्धत कुठलीही असो, घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणी. थांबायची खूण केली, तो थांबला आणि तरी हात सैल झाला नाही, तर थांबून काय मिळालं हे त्याला कळत नाही. थोड्या दिवसांत तो ती खूण ऐकेनासा होतो. मग लोक म्हणतात, घोडा तोंडाचा कडक आहे.

पूर्वी इतरत्र शिकला असाल तर फॉर्मवर पद्धत जरूर लिहा. हेल्मेट आमच्याकडे मिळेल, टाचेचे बूट घरून आणा.

नवव्या तासाला पालकांनीही थांबावं. त्या दिवशी घोडा ठाणावरच असतो. मूल लगाम धरतं आणि डोळे मिटून तुम्ही बिट दोन्ही हातांत धरता. मग त्याने नुसती करंगळी आवळली तरी तुमच्या तळहाताला कळतं.